नवलचा ताप

मोनाली जळगावच्या मेहरूणमधली. सर्व्हे करणाऱ्या एका खासगी कार्यालयात नोकरीला होती. शिंदखेड्याच्या बाजूच्या एका छोट्या शहराचा विकास आराखडा तिच्याकडे आला. त्यात जुना कत्तलखाना गावाबाहेर हलवायचा होता. मापं घ्यायला ती तिथे तीन दिवस राहिली.

कामगार चौदा. त्यांतला अभिमन सगळ्यात जुना. बकरं सोलताना तो मधेच शेजारच्या रिकाम्या जागेकडे वळून "धर रे नवल" म्हणायचा. बाकीचे मान वर करून बघतही नसत.

"नवल कोण?" तिने विचारलं.

"माझा जोडीदार, ताई. सव्वा वर्ष झालं जाऊन. दिवस कलला की ताप चढायचा, सकाळी घामाने उतरायचा. हाडं नुसती ठणकायची. डॉक्टर आधी मलेरिया म्हणाले, मग टायफॉइड. शेवटी काळजालाच सूज आली."

नवलची बायको ताईबाई मागच्याच गल्लीत राहायची. तिला शंकाच नव्हती. "तो ताप नही व्हता, ताई. मुका जनावरस्ना तळतळाट व्हता."

मोनालीने नकाशावर लिहून घेतलं: नळ एकच, गटार उघडं, हात धुवायला साबण नाही.

घरी आल्यावर तिसऱ्या आठवड्यात, दुपारी साडेचारला, तिला हुडहुडी भरली. दुसऱ्या दिवशी पुन्हा, त्याच वेळी. गुडघे आणि कंबर धरली. खोलीत ओल्या कातड्याचा वास यायचा, पलंगाशेजारी कुणीतरी उभं असल्यासारखं वाटायचं. सकाळी उशी भिजलेली. बाराव्या दिवशी तिला ताईबाईचं बोलणं खरं वाटू लागलं, आणि तापापेक्षा त्याचीच तिला जास्त भीती वाटली.

डॉक्टर लीलाधर यांनी एकच प्रश्न विचारला. "एवढ्यात जनावरांत वावरलीस का?"

रक्ताच्या तपासणीत ब्रुसेलोसिस निघाला. जनावरांच्या रक्तातून, कधी श्वासातूनही लागणारा.

"सहा आठवडे गोळ्या. बरी होशील," डॉक्टर म्हणाले.

"मी तीनच दिवस होते," ती म्हणाली. "ते लोक वीस-वीस वर्षं तिथे आहेत."

पुढच्या रविवारी डॉक्टर तिच्यासोबत गेले. चौदा जणांचं रक्त घेतलं. नऊ जणांत तोच आजार निघाला, अभिमनही त्यात होता. गोळ्या वाटताना ताईबाई दारात येऊन उभी राहिली.

"ह्या गोळ्या मना मालकले भेटल्या असत्या, ते त्या वाचता का?"

मोनालीला खोटं बोलावंसं वाटलं, पण तिने खरंच सांगितलं. "बहुतेक वाचले असते," ती म्हणाली.

ताईबाई तिथेच उंबऱ्यावर बसली.

मोनालीने आराखड्यात धुण्याची खोली, गरम पाणी, झाकलेलं गटार घातलं आणि सोबत दर सहा महिन्यांच्या तपासणीची शिफारस जोडली. "तपासणी नकाशात बसत नाही," म्हणत तिच्या साहेबांनी ती शिफारस काढून टाकली.

मोनालीने कळवल्यावरून आराखड्यावरच्या हरकतींच्या सुनावणीला ताईबाई आली. आयुष्यात पहिल्यांदाच ती सरकारी कचेरीत पाऊल टाकत होती. अधिकाऱ्याने विचारलं, "बाई, तुमची हरकत काय?"

तिने नवऱ्याचं नाव कधी घेतलं नव्हतं. त्या दिवशी घेतलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट, आणि तपासणी परत मागणाऱ्या अर्जावर अंगठा उठवला.

तपासणीची शिफारस मंजूर झाली.