ताओच्या बाटलीतलं कडू

पेशी वाढवायच्या उबेच्या कपाटाचं दार उघडलं की बुआलाई आधी एकाच बाटलीकडे बघायची. आतलं गुलाबी पाणी पिवळं पडलेलं असायचं. पिवळं पडलं म्हणजे पेशींनी होतं नव्हतं ते खाऊन टाकलं, आता नवं घाला.

"भूक लागली होय रे, ताओ," ती पुटपुटायची.

ताओ तिचा मुलगा. रक्ताच्या कर्करोगाने गेला. त्याच्या रक्तातल्या थोड्या रोगट पेशी प्रयोगासाठी ठेवायला तिनेच होकार दिला होता. अशा पेशी बाटलीत सहसा तगत नाहीत. या तगल्या, वाढतच राहिल्या. चियांग माईच्या ज्या प्रयोगशाळेत ती कामाला होती, तिथेच त्या आल्या. बाटलीवर नाव नव्हतं, नुसता आकडा. पण होकाराच्या कागदावर तोच आकडा होता, म्हणून तिने ओळखलं आणि कुणाला सांगितलं नाही. गेलेल्या लेकराला हाक मारू नये, ते मागे लागतं, असं तिची आई म्हणायची. बुआलाई रोज मारायची.

"पी बुआ, बाटलीशी काय बोलता?" शेजारच्या टेबलावर काम करणारी कुंग हसायची. 'पी' म्हणजे तिकडे ताई. "घरी नवरा आहे की."

"बाटली उलटून बोलत नाही."

त्या वर्षी प्रयोगशाळेच्या प्रमुख, आचान म्हणजे प्राध्यापक सुफात्रांनी बोराफेतच्या कडू वेलीचा अर्क हाती घेतला. वेगवेगळ्या रुग्णांच्या पेशींवर तो घालून बघायचा होता. बाकी सगळ्या पेशी मेल्या. ताओच्या मात्र मजेत होत्या.

मरतील कशा? त्या बाटलीत बुआलाईने अर्क घातलाच नव्हता. साधं पाणी घातलं होतं.

ताओ अंगावरचं दूध सोडेना, तेव्हा गावच्या रीतीप्रमाणे तिने छातीला बोराफेतचा रस चोळला होता. त्याने तोंड लावलं, मागे घेतलं, आणि तिच्याकडे बघितलं. रडला नाही. नुसता बघत राहिला. ती नजर अजून तिच्या पाठीवर होती. तेच कडू पुन्हा आपल्याच हाताने द्यायचं?

आचान सूक्ष्मदर्शकावरून उठल्या. "बाटलीत मारणं वेगळं आणि माणसाच्या अंगात वेगळं, ते कळतं मला. पण बाटलीतच हात टेकले तर वेल सोडून द्यावी लागेल. पी बुआ, एकदा परत करून बघा." मग बाटली उजेडात धरून म्हणाल्या, "काय हावरट आहेत. कुणाचं तरी पोर खाऊन बसल्यात, अजून पोट भरलेलं नाही."

बुआलाई जागीच उभी राहिली. इतके दिवस आपण जेवू घालत होतो, ते कुणाला?

दुपारी तिने दोन बाटल्या भरल्या. एकीत साधं पाणी घातलं, तुलनेसाठी. दुसरीत अर्क सोडला. पाठीमागे कुणीतरी बघत असल्यासारखं वाटलं. तिने वळून बघितलं नाही.

दोन दिवसांनी तिने कपाट उघडलं. अर्काची बाटली गुलाबीच होती. कुणी काही मागितलं नव्हतं.

"चालला का?" आचानांनी विचारलं.

"चालला. आधीच्या वेळी मी अर्क घातलाच नव्हता, आचान. का ते सांगते. बसा जरा."

शेजारची बाटली पिवळीधमक झाली होती. तिला खायला घालावंच लागणार होतं, पुढच्या प्रयोगासाठी. बोलता बोलता बुआलाईने घातलं. हाक मात्र मारली नाही.