मटार सोलून होईपर्यंत

मित्रांनो, तीन पाय असूनही मी आयुष्यात एक पाऊल चालले नाही. जेवढं जग पाहिलं, ते दुसऱ्याच्या खांद्यावरून. मी घडीची तिवई. अॅल्युमिनियमच्या तीन नळ्या आणि वर निळ्या जाड कापडाचा त्रिकोण. मिटले की मोठ्या छत्रीएवढी होते.

पुण्याच्या एका दुकानातून कस्तुरीनं मला तिच्या आईसाठी आणलं. सुहासिनीबाईंचे गुडघे तेव्हा दुखू लागले होते.

"हिच्यावर बसून मी काय मासे धरू?" त्या म्हणाल्या. पण दुसऱ्याच दिवशी मला घेऊन भाजी आणायला गेल्या आणि वाटेत दोनदा बसल्या.

कस्तुरीची नोकरी त्या काळी इटलीत होती, व्हेनिसच्या जवळच. सुहासिनीबाई दर वर्षी तिच्याकडे जात. पहिल्या वर्षी त्यांनी व्हेनिसचा मोठा चौक, चर्च, पूल, होड्या असं सगळं पाहिलं. दुसऱ्या वर्षी पाहुण्यांना दाखवताना तेच पुन्हा पाहिलं. तिसऱ्या खेपेला मी बरोबर होते. स्टेशनबाहेर पडल्या पडल्या त्यांनी जाहीर केलं, "आज काहीही बघायचं नाही. नुसतं बसायचं."

"आई, लोक कुठून कुठून येतात हे बघायला!"

"येऊ देत. मी कुठे अडवलंय?"

त्यांनी बाजारातून शेंगांचे मटार घेतले. एका लहानशा चौकात, झाकण घातलेल्या जुन्या विहिरीजवळ, मला उघडलं आणि मांडीवर पंचा पसरून त्या मटार सोलू लागल्या. तीन वर्षांची नात चैत्राली त्यांच्या मांडीवरचे दाणे पळवत होती. चाकांच्या बॅगा खडखडत जात होत्या. मी दुसरं काही पाहिलं नाही. माझ्या उंचीवरून फक्त पाय दिसतात.

एका जोडप्यानं मोठ्या चौकाची वाट विचारली. बाईंनी हातातल्या शेंगेनंच दाखवली, "सरळ जा, पूल चढा, मग डावीकडे." मराठीतच. ते दोघं आभार मानून बरोबर डावीकडे वळले. कस्तुरी हसत सुटली.

मग एक गणवेशातला माणूस आला. इथं वाट अडते, उठा, असं त्याचं म्हणणं होतं. बाईंनी मूठभर दाणे त्याच्या तळहातावर ठेवले. "एवढे होऊ देत हं." त्याला मराठीतलं एक अक्षरही कळलं नसेल. तो दाणे खात एक फेरी मारून आला. तोवर मटार सोलून झाले होते.

माझ्या आयुष्यातला सर्वांत चांगला दिवस कोणता, असं कुणी विचारलं तर मी हा सांगेन.

पुढे कस्तुरीचं घर जपानला आलं, टोकियोतल्या फुनाबोरीत. सुहासिनीबाई इथंही एकदा आल्या. जाताना म्हणाल्या, "तिवई राहू दे इथेच. पुढच्या वेळी लागेल." गेल्या वर्षी त्या पुण्यात वारल्या.

त्यानंतर माझ्यावर कुणी बसलं नाही. चैत्राली बसू लागली की कस्तुरी म्हणायची, "नको, आजीची आहे." मला पुसून कपाटात ठेवलं गेलं. कापड आतल्या आत विरत होतं, ते कुणाला दिसलं नाही.

मग एके दिवशी आवराआवर निघाली, तेव्हा ते कस्तुरीला दिसलं आणि मला टाकायचं ठरलं. इथं मोठी वस्तू टाकायची तर आधी कळवावं लागतं आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून विकत आणलेली चिठ्ठी तिच्यावर चिकटवावी लागते. ती चिठ्ठी माझ्या पायावर लागली. सकाळी कस्तुरीनं मला खाली नेऊन उघडून ठेवलं. शाळेला निघालेली चैत्राली येऊन माझ्यावर बसली.

"ऊठ, आजीची—"

"नान्दे?" चैत्रालीनं जपानीत विचारलं. का म्हणून? मग मराठीत म्हणाली, "टाकतोच आहोत ना आपण? मग बसले तर काय?"

चैत्राली शाळेत गेली. मग कस्तुरी स्वतःच माझ्यावर बसली. तिचं वजन मला नवीन होतं. कापड करकरलं, पण फाटलं नाही.

कचऱ्याची गाडी आली. माणसानं चिठ्ठीकडे पाहिलं, मग कस्तुरीकडे. ती उठली नाही. "दोझो, दोझो," तो म्हणाला, म्हणजे बसा, बसा. त्यानं आधी शेजाऱ्यांच्या गाद्या चढवल्या. तो परत आला, तेव्हा मी मिटलेली होते आणि कस्तुरीच्या खांद्यावर होते. तिनं मान लववून माफी मागितली.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं मी म्हणणार नाही. जपून जपूनच मी विरले. त्या वापरा. ज्या माणसाच्या होत्या त्याचं नाव घेऊन वापरा, आणि फाटल्या तर शिवा.

माझ्या पायावर ती चिठ्ठी अजून आहे. या क्षणी मी फुनाबोरीच्या स्वयंपाकघरात उघडी आहे. कस्तुरीच्या मांडीवर पंचा आहे.

"आई, ऊठ ना, आता माझी पाळी."

"थांब गं. एवढे होऊ देत."