पहिल्या दहात

कळंब्याच्या तलावाकाठी मी वीस वर्षं भरतीची पोरं पळवतोय. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालो, तेव्हापासून गळ्यात शिट्टी आहे. प्रत्येकाच्या डोक्यात एकच गोष्ट ठोकतो. शिट्टी वाजली की मागं बघायचं नाही, पहिल्या दहात यायचं. भरतीत मागून येणाऱ्याला कोण विचारतो?

माझा मुलगा राजवीर रोज पहिला यायचा. पण भरतीत तीनदा अर्ध्या सेंटिमीटरनं उंचीत बाद झाला आणि वय उलटून गेलं. मग कुणीतरी परदेशातल्या फौजेचं सांगितलं. तिथं उंची बघत नाहीत, सही केली की वर्दी. तो स्वखुशीनं सही करून गेला. खोटं कशाला बोलू, वर्दीतला फोटो आला तेव्हा मीच गल्लीत पेढे वाटले.

वीस दिवसांचं ट्रेनिंग देऊन त्याला थेट लढाईच्या खंदकात नेलं. मंगळवारी सकाळी पोरं पळायला रांगेत उभी होती, तेवढ्यात त्याचा फोन आला.

“आबा, उद्या उजाडताना चढाई हाय. समोरच्या खंदकापत्तर सातशे मीटर मोकळं रान हाय. आमच्यात सगळी नवीच पोरं. साहेब शिट्टी मारणार, मग पळायचं.” त्याचा आवाज बारीक झाला होता. “कसं करू, आबा?”

तीस पोरं माझ्या तोंडाकडं बघत होती. मी रुबाबात म्हणालो, “कसं करू म्हंजे? पहिल्या दहात पायजेस!”

“व्हय, आबा,” तो म्हणाला आणि फोन बंद झाला.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी शिट्टी मारली. पुढच्या दहाजणांची धूळ उडाली आणि मी काय बोलून बसलो ते मला उमगलं. मोकळ्या रानात जो पुढं, पहिली गोळी त्याला. हे मला ठाऊक नव्हतं? सतरा वर्षं फौजेत काय भाकरी भाजत होतो मी?

लगेच फोन लावला. बंद. चढाईआधी फोन काढून घेतात. ‘मागं रहा, पडून रहा लेका,’ असा मेसेज टाकला. एकच टिक आली. दिवसभर तेच टाकत राहिलो. बायको, संयोगिता, विचारत होती, “काय म्हणाला ओ?”

“बरा हाय म्हणाला.”

सीमेवर मला कधी अशी भीती वाटली नव्हती.

गुरुवारी दुपारी राजवीरच्याच तुकडीतल्या, कुरुंदवाडच्या विश्वजितचा फोन आला. संयोगितानं मला स्पीकर लावायला लावला.

“काका, साठजण निघालतो. नऊजण माघारी आलो.”

“तू कसा वाचलास?”

“भ्यालो. शिट्टी वाजली आन् पाय हलंनात. खंदकाच्या काठालाच पडून राह्यलो.”

“आणि राजवीर?”

तो रडायला लागला. “मी त्याची बाही धरलेली, काका. थांब की, म्हटलं. तर म्हणाला, सोड, आबांनी सांगितलंय. सगळ्यांच्या फुडं हुता. न्हाय आला परत.”

मी फोन बंद केला. संयोगिता रडत नव्हती. ती माझ्याकडं बघत होती.

“काय सांगितलं हुतं तुमी त्याला?” तिनं विचारलं.