छडीने उतरणारी धाप

स्टुटगार्टजवळच्या त्या भाड्याच्या सभागृहात बसायला जागा उरली नव्हती. व्यासपीठावर श्वासानंद महाराज वेताची छडी घेऊन उभे होते. एका बाईंच्या बोटाला यंत्र लावलं होतं आणि मागच्या मोठ्या पडद्यावर त्यांच्या रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा झळकत होता : चौऱ्याऐंशी!

"बाळांनो, ताप जातो, खोकला जातो, पण फुफ्फुसात श्वासासुर ठाण मांडतो! डॉक्टरांना दिसत नाही, कारण त्यांना दिव्यदृष्टी नाही!"

छडी पाच वेळा कडाडली. बाई किंचाळून गुडघ्यांवर कोसळल्या. शिष्याने त्यांच्या बोटाचा मंतरलेला दोरा कापला, हात गरम तीर्थात धरला, आणि पडद्यावर आकडा चढत गेला. सत्त्याण्णव! टाळ्यांनी छत दणाणलं.

तिसऱ्या रांगेतल्या जगदीशने बायकोला कोपराने ढोसलं. "बघ. आता तू."

फेब्रुवारीत ऊर्मिलाला जबर फ्लू झाला होता. एप्रिल उजाडला तरी दोन जिने चढले की धाप लागायची. डॉक्टरांनी छाती तपासली, एक्स-रे काढला आणि सांगितलं, फुफ्फुसं स्वच्छ आहेत, धाप जायला आणखी काही आठवडे लागतील. श्वासाच्या व्यायामासाठी चिठ्ठीही दिली. पण तिथला टर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, तीन आठवड्यांनंतरचा! जगदीशला तेवढा धीर नव्हता. तो गाड्यांचे सेन्सर तपासणारा इंजिनिअर. पडद्यावरचा आकडा पाहून त्याची खात्री पटली होती.

वर नेल्यावर शिष्याने ऊर्मिलाचा हात दहा मिनिटं बर्फाच्या पाण्यात बुडवला. "शीतशुद्धी," तो म्हणाला. मग बोटाला लाल दोरा करकचून आवळला. आकडा आला ब्याऐंशी.

"मनगटं घट्ट धरा," महाराजांनी जगदीशला फर्मावलं. "असुर उसळेल!"

त्याने धरली.

तिसऱ्या फटक्याला ब्लाउज फाटला. चौथ्याला रक्त आलं. "अहो, सोडा! सोडा मला!" ती त्याच्याकडे बघून ओरडत होती. तो मान फिरवून पडद्याकडे बघत राहिला. सहाव्या फटक्याला आतून काहीतरी कटकन मोडलं. तो आवाज त्याने कानांनी ऐकला आणि हातांनाही कळला. ऊर्मिलाचं तोंड उघडं राहिलं. किंकाळी फुटायलाही श्वास उरला नव्हता.

"थांबवा!" मागून एक बाई धावत आल्या. त्या धम्मदीपा, इस्पितळात श्वासाचे व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्ट. पाठीवर वळ घेऊन त्यांच्याकडे आलेल्या एका रुग्णामुळे त्या हा प्रकार बघायला आल्या होत्या. शिष्याने त्यांच्या तोंडावर ठोसा मारला. ओठ फुटला, तरी त्यांनी छडी धरलीच. शिष्याने पुन्हा हात उगारला, तेव्हा कुठे जगदीश भानावर आला. त्याने शिष्याच्या छातीत असा धक्का दिला की तो व्यासपीठावरून खुर्च्यांवर आदळला.

"दादा, आधी ११२ला फोन करा!" धम्मदीपांनी ऊर्मिलाला खुर्चीवर पुढे झुकवून बसवलं. "ताई, नाकाने हळू आत. ओठांचा चंबू करून हळूच फुंकर. घाई नको. जमेल तेवढंच."

महाराज गरजले, "असुर या बाईच्या अंगात शिरला!"

"बरं, मग मलाच यंत्र लावा!" ओठांचं रक्त पुसून त्यांनी हात बर्फात घातला. तिथेच उभं राहून, दमही न लागता, त्या लोकांशी बोलत राहिल्या. दहा मिनिटांनी बोटाला दोरा आवळला. आकडा आला त्र्याऐंशी!

"मी आजारी दिसते का? गार, आवळलेल्या बोटात रक्त नीट पोचत नाही, म्हणून यंत्र चुकतं." त्यांनी दोरा तोडला, हात गरम पाण्यात धरला. आकडा अठ्ठ्याण्णव. "मला छडी कोणी मारली?"

दाराशी अॅम्ब्युलन्स आणि पोलीस आले, तेव्हा महाराज मागच्या दाराने सटकायला बघत होते. मघाशी मार खाल्लेल्या बाईंनीच त्यांचं उपरणं पकडून ठेवलं.

ऊर्मिलाची बरगडी मोडली होती. दुखतं म्हणून खोल श्वास घेता येईना, कफ साठला, पुन्हा ताप आला. जगदीश रोज इस्पितळात जाई. पहिले चार दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी म्हणाली, "तुम्ही आकडा बघत होतात. मी समोर होते."

उन्हाळ्यात मराठी मंडळाने धम्मदीपांचं भाषण ठेवलं. एका काकांनी विचारलं, "पण काहींना महाराजांमुळे बरं वाटलं, त्याचं काय?"

"काका, अशा आजारानंतरची धाप बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप ओसरते. श्रेय मात्र छडीला जातं. कामं थोडी-थोडी करा, दमायच्या आधी थांबा, चालणं हळूहळू वाढवा. पण बसल्याजागी धाप लागली, छातीत दुखलं, ओठ निळे पडले किंवा त्रास वाढत गेला, तर लगेच डॉक्टर गाठा."

ऊर्मिला उठून उभी राहिली. आवाज बारीक होता, पण शेवटच्या रांगेपर्यंत पोचला.

"मला बरं व्हायला थोडे आठवडे हवे होते. मार खाल्ल्यामुळे त्यांचे महिने झाले. कोणी चमत्कार दाखवला तर तो कसा केला, हे विचारा. विचारलं म्हणून देव रागावत नाही. रागावतो तो भामटा."