किटलीतलं ब्रेक ऑइल

गॅरेजात त्याला सगळे थेंब म्हणत. तीस वर्षांत त्याने जमिनीवर थेंब सांडू दिला नव्हता. गिऱ्हाईक समोर उभं असलं की ब्रेक ऑइलचा सीलबंद डबा तो त्याच्या डोळ्यांदेखत फोडायचा. काम झाल्यावर जे उरे ते एका जुन्या ॲल्युमिनियमच्या किटलीत जाई. तीन नंबरचं, चार नंबरचं, ह्या कंपनीचं, त्या कंपनीचं, सगळं एकाच पोटात. किटलीचं झाकण डुगडुगतं, तोटी कायम उघडी, आणि मुक्काम गाड्या धुण्याच्या नळाशेजारी. का, तर तिथली फळी रिकामी होती.

हे किटलीतलं कोणाच्या गाडीत जायचं? घरच्यांच्या. परक्याला नवं, आपल्याला उरलेलं. आणि यालाच तो जिव्हाळा समजायचा.

काल धाकटी बहीण गाडी घेऊन आली होती. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन आज अकराला, खालच्या शहरात. मध्ये सतरा वळणांचा उतार.

"दादा, ऑइल तीन वर्षं बदललं नाही. नवं घाल हं."

"आता तू मला शिकव."

"शिकवत नाही रे बाबा, विचारतेय. कोणतं घालायचं ते बॉनेटखाली ऑइलच्या डबीच्या टोपणावर लिहिलेलं असतं म्हणे."

"टोपणं वाचून गाड्या नीट झाल्या असत्या तर मी उपाशी मेलो असतो. जा, वहिनीशी गप्पा मार. घरचं काम आहे."

ती आत गेली. त्याने जुनं ऑइल काढलं आणि किटली तिरकी केली.

आज सकाळी सुट्या भागांचा विक्रेता पेनासारखं एक यंत्र घेऊन आला. म्हणाला, ब्रेक ऑइलमध्ये पाणी किती ते हे सांगतं.

"ऑइलमध्ये पाणी? आम्ही काय दूधवाले वाटलो?"

"तुम्ही घालत नाही हो. ते स्वतःच पितं. हवेतली ओल ओढून घेतं."

विक्रेत्याने ते पेन नुकत्याच फोडलेल्या डब्यात बुडवलं. हिरवा दिवा. मग गंमत म्हणून किटलीत. तांबडा दिवा, आणि वर किंचाळायलाच लागलं.

"हे कशाला ठेवलंय?"

"वापरायला."

विक्रेत्याचं हसू गेलं. "मिस्त्री, उतारावर ब्रेक तापले की यातलं पाणी उकळतं. नळीत वाफ होते. मग पाय वाफेवर पडतो, ब्रेक लागतच नाही. पेडल सरळ तळाला."

थेंबाने घड्याळ पाहिलं. बहीण आईला घेऊन निघून अर्धा तास झाला होता. त्याने फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. गाडी चालवताना फोन उचलायचा नाही, हे त्यानेच तिला शिकवलं होतं. पोरीने सगळं मनावर घेतलं होतं, हीच आता पंचाईत.

दोन सीलबंद डबे, पाना, रबरी नळी स्कूटरच्या डिकीत कोंबून तो सुटला. प्रत्येक वळणावर कठड्यापलीकडे बघायचं आणि बघायचं नाही, दोन्ही एकदम चाललं होतं.

अकराव्या वळणावर गाडी दिसली. डोंगराशेजारी उभी, डावा गाल पार खरवडलेला. आई बाजूच्या दगडावर बसली होती. तिला धड दिसत नव्हतं, पण स्कूटरचा आवाज तिने ओळखला. "आला बघ तुझा दादा."

बहीण धावत आली. "पेडल एकदम गेलं रे! गिअर खाली टाकला, हँडब्रेक ओढला, डोंगराला घासली. माझंच चुकलं, उतारभर ब्रेकवर पाय ठेवून होते. आता बघ, पेडल परत आलंय. जसंच्या तसं."

त्याने वाकून पेडल दाबलं. टणक. सगळं गार झालं होतं, वाफ जिरली होती, पुरावा गेला होता. 'ब्रेकवर पाय ठेवू नये, किती वेळा सांगितलं तुला', एवढंच म्हणायचं होतं. बहीण मान खाली घालून ऐकणार होती. वाक्य तोंडात आलंसुद्धा.

"तिला रागावू नकोस रे," आई म्हणाली. "तू काल नवं ऑइल घातलंस म्हणून वाचलो आम्ही."

त्याने पेडलवरचा हात काढला.

"नवं नव्हतं, आई. किटलीतलं होतं. उरलेलं."

बहिणीने बॉनेट उघडलं, ऑइलच्या डबीचं टोपण फडक्याने पुसलं आणि एकेक शब्द सुटा करून वाचलं, "फक्त चार नंबर. फक्त, सीलबंद, डब्यातलं. तीस वर्षं तुझा अंगठा यावरच असतो ना?"

नंबर त्याने वाचला होता. खालची ओळ म्हणजे कंपनीची शोभा, असं समजून सोडून दिली होती.

"गिऱ्हाइकांना काय घालतोस?"

"सीलबंद."

"म्हणजे माहीत होतं तुला."

"आईशप्पथ नव्हतं गं. ते बघत असतात, म्हणून."

"आणि आम्ही बघत नव्हतो."

त्याने डिकीतून डबे काढले.

"थांब. सील मी फोडणार."

या कामाला दोन माणसं लागतात. एकाने पेडल मारायचं, दुसऱ्याने चाकापाशी आडवं होऊन घाण बाहेर काढायची. ती सीटवर बसली, तो धुळीत.

"दाब."

"दाबलं."

"धर... सोड."

नळीतून काळपट ऑइल बुडबुडे सोडत येत होतं. तिसऱ्या चाकाला आईने विचारलं, "भांडताय की काम करताय?"

"काम," दोघं एकदम म्हणाली.

चौथं चाक झालं. दुसऱ्या डब्यात अर्धं ऑइल उरलं. त्याचा हात सवयीने झाकण घट्ट पिळू लागला आणि पाय स्कूटरकडे वळले. बहिणीने खिडकीतून हात बाहेर काढला, तसाच धरून ठेवला. त्याने डबा तिच्या हातात दिला.

तिने आईला मागे बसवलं, पट्टा लावला, सपाट जागेवर गाडी चारदा पुढेमागे करून पेडल दाबून पाहिलं.

"मी मागून येतो," तो म्हणाला. "काही वाटलं तर—"

"मागून नाही. माझ्या पुढे चालव. बंपरला चिकटून. पुन्हा पेडल गेलं तर पहिला तू."

ती चेष्टा करत नव्हती.

सहा वळणं उरली होती. त्याने स्कूटर गाडीच्या नाकासमोर घेतली आणि उताराला लागला.