अक्रोडाच्या लाकडावर तिहाई

माझे पाय गप्प बसत नाहीत. शाळेत बाकाखाली, जेवताना टेबलाखाली, लिफ्टची वाट बघताना ते आपले ता थै थै तत करतच असतात. "आरोही, भूकंप थांबव," असं आई ओरडते. आणि नेमकी माझ्याच नशिबी आली शांती नगरमधली सगळ्यात देखणी जमीन, जिच्यावर पाय आपटायला बंदी!

जमीन राजश्रीमावशीची. फरसाणच्या दुकानावरच्या हॉलमध्ये तिचा कथकचा क्लास आहे. वर्षानुवर्षं टाइल्सवर नाचून तिचे गुडघे गेले. डॉक्टर म्हणाले, शिकवायचं असेल तर लाकडी जमीन करून घ्या. झालं! मी आणि मावशी हाटकेशला उदयमामाकडे गेलो. मामा लाकडी फ्लोअरिंगचं काम करतो.

मामाने साग दाखवला, ओक दाखवला. मावशी नुसती "हं, हं" करत होती. मग कोपऱ्यातली एक फळी तिने स्वतःच ओढून काढली. ब्लॅक वॉलनट, म्हणजे काळा अक्रोड. खरं तर काळा नाहीच, डार्क चॉकलेटचा रंग, उजेडात धरलं की मधेच जांभळट झाक. आणि रेषा अशा वळणावळणाच्या, जसं कुणी घट्ट बासुंदीत चमचा फिरवलाय. मावशीचा हात त्या फळीवरून निघेना.

"ताई, ते नको," मामा म्हणाला.

"का? कीड लागते?"

"छे गं. नीट वाळवलेलं असलं की फार शहाणं लाकूड. आपल्या दमट हवेतसुद्धा फारसं फुगत नाही, वाकडं होत नाही. पण ओकपेक्षा मऊ. सोफ्यावर बसून चहा पिणाऱ्यांचं लाकूड आहे हे. तू त्याच्यावर घुंगरूवाल्या पोरी सोडणार. टाच आपटली की खळगा!"

"मऊ म्हणजे गुडघ्यांना बरंच की."

"गुडघ्यांना फळ्यांखाली अंथरतो तो रबर बरा, वरचं लाकूड नाही. आणि ऐक, उन्हात बाकीची बरीच लाकडं काळपट होतात, हे उलटं, वर्षं गेली की उजळत जातं."

"म्हणजे माझ्यासारखं," मी म्हटलं.

"तू तोंड बंद ठेवलंस तर," मामा म्हणाला.

ऑर्डर अर्थातच वॉलनटची गेली. इथल्या हवेची सवय व्हावी म्हणून फळ्या आधी हॉलमध्येच पडून राहिल्या, आणि क्लास बंद. मी घरी नुसती येरझाऱ्या घालत होते. शेवटी जमीन बसली. आम्ही सगळ्या पोरी दारातच थांबलो. पाय ठेवला तर थंडगार नाही, एकदम ऊबदार!

आणि मग नियम सुरू झाले. पाण्याच्या बाटल्या बाहेर. खुर्ची सरकवायची नाही, उचलायची. रंग जाऊ नये म्हणून दिवसभर पडदे ओढलेले. आणि शेवटी, "घुंगरू नकोत गं. नवीन आहे ना, थोडे दिवस."

ते थोडे दिवस संपेनातच. इकडे रविवारी भाईंदरला आंतरशालेय स्पर्धा, आणि सोलो माझा! गेल्या वर्षापर्यंत मी मागच्या रांगेत ममताच्या वेणीमागे लपून नाचायचे. यंदा मावशीने "सोलो कोण करणार?" विचारलं, तर माझा हात माझ्याही आधी वर गेला. आणि आता सराव काय, तर मांजरीसारखा.

"आपण कथक करतोय की चोरी?" ममता कानात म्हणाली.

गुरुवारी खालच्या दुकानातल्या हंसाबेन जिना चढून वर आल्या. "राजश्रीबेन, क्लास बंद कर दिया क्या? पहले तो मेरे डब्बे नाचते थे. अभी कुछ सुनाई ही नहीं देता!"

"चालू है ना," मावशी हसून म्हणाली, पण तिचे कान लाल झाले. हंसाबेन गेल्यावर तिने माझ्याकडे मोर्चा वळवला. "चल, तिहाई."

तिहाई म्हणजे एकच तुकडा तीनदा, प्रत्येकाच्या शेवटी एक धा, आणि तिसरा धा बरोबर समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, पडायला हवा. माझा आधीच पडला. पुन्हा केलं. या वेळी उशिरा.

"आरोही, लक्ष कुठाय? समेवर ये!"

"कशी येऊ? मला माझेच पाय ऐकू येत नाहीयेत!" मी इतक्या जोरात बोलले की मीच दचकले. पण आता थांबणं शक्य नव्हतं. "घुंगरू बांधू दे, मावशी. रविवारी परीक्षक माझे पाय बघणार आहेत. त्यांना काय ही जमीन नेऊन दाखवू?"



मावशी भिंतीला टेकली. "आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मनासारखं घेतलंय गं मी," ती म्हणाली. "लगेच त्याची वाट लावायची?"

मला एकदम वाईट वाटलं. पण पाय? ते चालूच होते! मी खाली बसले, पिशवीतून घुंगरू काढले आणि बांधायला लागले. ती नको म्हणाली असती तर सोडले असते, अगदी खरं सांगते. पण माझी गाठ मारून झाली आणि तिने टाळी देऊन बोल म्हणायला सुरुवात केली.

अहाहा! हॉल परत जिवंत झाला. प्रत्येक पाऊल मला ऐकू येत होतं. पहिला धा, दुसरा धा, आणि तिसरा मी सगळा जीव टाचेत आणून आपटला. बरोबर सम!

मग मी खाली बघितलं. माझ्या टाचेशी एक खळगा होता. नखाएवढा, पण त्या गुळगुळीत चॉकलेटी लाकडात लगेच दिसणारा.

मावशी आली. गुडघ्यावर हात दाबत, कण्हत खाली बसली आणि बोट फिरवून बघायला लागली. फिरवतेय, फिरवतेय.

"एकच?" ती म्हणाली.

"अं?"

"तिहाईत धा किती असतात?"

"तीन."

"मग पहिले दोन कुठे गेले? सगळा जोर शेवटच्यावर काढलास. परीक्षक काय बहिरे आहेत?" तिने तिथेच बसल्या बसल्या जमिनीवर तळव्याने ठेका धरला. "चल, पुन्हा. आणि ममता, तू काय बघत बसलीयेस? बांध."