बेंबी बसवणारा हरिचंद्र

बदलापूर गावात कुणाच्या पोराचं पोट दुखलं की पहिलं नाव निघायचं हरिचंद्राचं. बेंबी सरकलीय म्हणायचं, पोराला आडवं पाडायचं, तेलाचा अंगठा पोटावर फिरवायचा, झालं! बरी होणारी पोरं बरी व्हायचीच, आणि श्रेय मात्र याच्या अंगठ्याला. त्यामुळे गडी कायम हवेत असायचा.

मग त्याचाच नातू, सहा वर्षांचा वरद, तापाने फणफणला. उजव्या बरगडीखाली हात धरून वाकून चालायला लागला. सून नेत्रा म्हणाली, "बाबा, डॉक्टरकडे जाऊया. मांडीवर गळू झालं होतं ना, त्यानंतरच ताप सुरू झालाय."

हरिचंद्र खेकसला, "गावची पोरं माझ्याकडं येतात आणि घरचं पोर डॉक्टरकडं? लोक तोंडात शेण घालतील माझ्या!" आणि बसला चोळायला. वरद किंचाळला, पाय झाडले, अहो, हात जोडले पोराने! याने अंगठा आणखी दाबला. नेत्रा दारात उभी राहून बघत राहिली. त्या घरात सासऱ्यापुढे बोलायची सोय नव्हती.

संध्याकाळी पोर पोटाला हात लावू देईना, तेव्हा मात्र नेत्राने कुणाला न विचारता रिक्षा बोलावली. हरिचंद्रही शेजारी चढून बसला.

उल्हासनगरच्या हॉस्पिटलात सोनोग्राफी झाली. मुलांच्या डॉक्टर पद्मजा व्हरांड्यातच येऊन म्हणाल्या, "यकृतात गळू होऊन पू साठलाय. मांडीवरच्या गळवातले जंतू रक्तातून तिथे पोचले असणार. सलाईनमधून औषध सुरू करतेय, पू सुईने काढावा लागेल. पण खरं सांगा, पोट कुणी दाबलं, चोळलं का? आत फुटलं असेल तर सुईने भागणार नाही, पोट उघडावं लागेल."

"नाही," नेत्रा म्हणाली. सासऱ्याकडे तिने पाहिलंही नाही.

हरिचंद्राला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जिला आपण खेकसून गप्प केलं, ती आपली अब्रू झाकतेय, तीसुद्धा पोराच्या जिवावर! "मी चोळलं," तो म्हणाला. "जोर लावून चोळलं. तो नको नको म्हणत होता." बाकावरची माणसं वळून बघायला लागली. डॉक्टर चार शब्द बोलल्या असत्या तरी त्याला बरं वाटलं असतं, पण त्या तडक आत गेल्या आणि पोराची पुन्हा सोनोग्राफी करायला घेतली.

यकृतातलं गळू फुटलं नव्हतं, फुटायच्या बेतात होतं. पू काढला, तपासायला पाठवला, उरलेला निघून यावा म्हणून नळी बसवली. ताप हळूहळू उतरला. पोर वाचलं.

नळीभोवतीची पट्टी बदलायला नर्स आली. "आजोबा, जरा हात धरा याचा." हरिचंद्र लगबगीने पुढे झाला. वरदने दोन्ही मुठींनी शर्ट खाली ओढून धरला आणि आईला चिकटला.

"सिस्टर, आजोबांना बाहेर पाठवा ना," तो हुंदके देत म्हणाला. "मग मी नाय रडणार."

हरिचंद्र बाहेर जाऊन दाराशी उभा राहिला. पट्टी होईपर्यंत आतून रडण्याचा आवाज आला नाही.